वीज वाचवायला महावितरण काय मदत करतं? सांगली-साताऱ्याच्या उद्योजकांचे वारंवार येणारे प्रश्न

कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीतून, पलूसच्या औद्योगिक वसाहतीतून, विट्याच्या यंत्रमागवाल्यांकडून, तासगावच्या कोल्ड स्टोअरेजमधून, साताऱ्याच्या आणि शिरवळच्या कारखान्यांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एका जागी ठेवले आहेत. मी ऊर्जा परीक्षणाचं काम करते आणि बहुतेक फोनची सुरुवात एकाच वाक्याने होते : "लाईट बिल फार येतंय, काहीतरी करा." प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जिथे संबंध आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. महावितरणचा धंदाच वीज विकण्याचा. आमचा वापर कमी व्हावा असं त्यांना का वाटेल?

प्रश्न रास्त आहे. उद्योगांचा दर शेतीपेक्षा बराच जास्त असतो आणि त्या पैशातून बाकीच्यांची सवलत अंशतः भागते, त्यामुळे तुमची युनिटं नुसती घटली तर महावितरणला आनंद होण्याचं कारण नाही. त्यांना दोन गोष्टी हव्या असतात. एक, संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, पंखे, यंत्रं एकदम चालू असतात तेव्हा महाग वीज विकत घ्यावी लागते, ती मागणी तुम्ही दुसऱ्या वेळेला न्यावी. दोन, तुमच्या यंत्रांमुळे तारांतून आणि ट्रान्सफॉर्मरमधून विनाकारण जादा करंट वाहू नये.

कायद्याचं बंधनही आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आणि महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने मागणी-व्यवस्थापनाचे नियम केले २०१० मध्ये. पण रोजच्या व्यवहारात तुम्हाला जाणवते ती मदत दरांच्या रचनेतून येते. हे एकदा ध्यानात आलं की खालची निम्मी उत्तरं सोपी वाटतील.

२. मदत म्हणजे नेमकं काय मिळतं? रोख अनुदान आहे का?

नवं मशीन घ्यायला महावितरण पैसे देईल या आशेवर बसू नका. त्यांच्याकडून मिळतं ते असं : ठरावीक तासांत वीज वापरली तर सवलत (प्रश्न ७), पॉवर फॅक्टर चांगला ठेवला तर कमी बिल (प्रश्न ४), मंजूर मागणी, म्हणजे एका वेळी ओढता येईल तेवढ्या विजेची तुमची मर्यादा, गरजेप्रमाणे बदलण्याची सोय (प्रश्न ६), मीटरची तासनिहाय माहिती (प्रश्न ९) आणि छतावरच्या सौरऊर्जेला नेट मीटरिंग, म्हणजे उरलेली सौरवीज महावितरणला देऊन बिलात वळती करून घेणं (प्रश्न १५). औद्योगिक ग्राहकांच्या जोडणीसाठी आणि अडचणींसाठी मंडल कार्यालयांत 'स्वागत सेल' आहेत, तिथे एकदा ओळख करून ठेवा.

ऊर्जा परीक्षणाचं अर्थसाहाय्य महाऊर्जा या राज्याच्या संस्थेकडून येतं (प्रश्न १०) आणि कर्जावरच्या व्याजाची सवलत केंद्राच्या योजनेतून (प्रश्न १४). ही तीन वेगळी दारं आहेत. लोक एकाच दारावर तिन्ही गोष्टी मागतात आणि 'इथे काही मिळत नाही' म्हणून परत फिरतात.

३. बिल हातात आल्यावर पहिल्यांदा काय बघायचं? आम्ही फक्त खालची रक्कम बघतो.

मागच्या १२ महिन्यांची बिलं काढा आणि टेबलावर ओळीने मांडा. एका बिलावरून काही कळत नाही. प्रत्येकावर चार आकड्यांना पेनाने गोल करा : मंजूर मागणी, नोंदलेली कमाल मागणी, पॉवर फॅक्टर आणि टीओडीच्या (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेप्रमाणे दर) प्रत्येक झोनमधली युनिटं. उच्चदाब ग्राहक असाल तर पाचवा आकडा लोड फॅक्टर (प्रश्न २०).

मग युनिटांना त्या महिन्याच्या उत्पादनाने भागा. फाउंड्रीत टनामागे युनिट, यंत्रमागावर मीटर कापडामागे, दूध संघात हजार लिटरमागे. बिल वाढलं की काम वाढलं हे या भागाकाराशिवाय सांगताच येत नाही. मला फोन करण्याआधी एवढं करून ठेवलं तर पहिल्या भेटीतले दोन तास वाचतात.

४. केडब्ल्यूएच आणि केव्हीएएच यांत फरक काय? बिल कशावर होतं?

केडब्ल्यूएच म्हणजे प्रत्यक्ष काम करणारी वीज. केव्हीएएच म्हणजे त्या कामासाठी लाईनवरून जेवढी वीज ये-जा करते ती सगळी. मोटार, वेल्डिंग, चोक, ट्रान्सफॉर्मर या सगळ्यांना चुंबकीय क्षेत्रासाठी थोडी वीज लागते; ती कामात येत नाही, पण तारा तापवते. या दोन आकड्यांचं गुणोत्तर म्हणजे पॉवर फॅक्टर.

उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर बिल येतं. हिशेब असा : कारखान्याने महिन्याला १,००,००० केडब्ल्यूएच वापरले. पॉवर फॅक्टर ०.८५ असेल तर बिल होईल १,१७,६४७ युनिटांचं. ०.९९ असेल तर १,०१,०१० युनिटांचं. यंत्रं तीच, माल तोच, आणि फरक साडेसोळा हजार युनिटांचा. पूर्वी पॉवर फॅक्टरचा दंड किंवा सवलत वेगळ्या ओळीत दिसायची. आता ती युनिटांच्या पोटात गेल्यामुळे पुष्कळ मालकांच्या नजरेतूनच सुटते.

लघुदाब ग्राहकांनी आपल्या बिलावर कोणतं एकक छापलं आहे ते बघावं आणि पॉवर फॅक्टरची ओळ शोधावी.

५. कॅपॅसिटर लावले, तरी बिल वाढलं. असं कसं?

प्रश्न ४ मधली चुंबकीय क्षेत्राची वीज कॅपॅसिटर जागच्या जागी पुरवतात, पण तुमच्याकडे ते गरजेपेक्षा जास्त झाले. पॉवर फॅक्टर एका बाजूने कमी पडतो तसा दुसऱ्या बाजूनेही पडतो. पहिल्याला लॅग म्हणतात, दुसऱ्याला लीड. आयोगाच्या सूत्रात दोन्ही मोजले जातात.

तासगाव भागातल्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये मी दिवाळीनंतर गेले होते. बेदाणा बहुतेक विकला गेला होता, खोल्या रिकाम्या, कॉम्प्रेसर बंद. रात्री चालू काय, तर आवारातले दिवे आणि ऑफिसचा फ्रिज, मिळून साधारण ६ किलोवॅट. पॅनेलरूममध्ये गेलो तर एपीएफसी पॅनेलचा (गरजेप्रमाणे कॅपॅसिटर आपोआप चालू-बंद करणारं पॅनेल) सिलेक्टर 'मॅन्युअल'वर आणि ६० केव्हीएआरचे (चुंबकीय विजेचं माप) कॅपॅसिटर चालू. त्यांची हलकी घरघर त्या शांततेत स्पष्ट ऐकू येत होती. मीटरवर आकडा होता ६० केव्हीएचा. रोजचे १२ तास धरा : महिन्याला २,१६० युनिटांचं काम आणि मीटरवर २१,६०० च्या वर. ऑपरेटरने उन्हाळ्यात पॅनेल बिघडलं म्हणून सिलेक्टर फिरवला होता, तो तसाच राहिला. मालक म्हणाले, "माल नसताना बिल का येतंय म्हणून मी वायरमनला तीन वेळा विचारलं." सिलेक्टर 'ऑटो'वर केला, चिकटलेला एक कॉन्टॅक्टर बदलला, काम संपलं.

तेव्हा हंगाम संपताना कॅपॅसिटर तपासा. पॅनेलवर लीड दिसत असेल तर तो बिघाडच समजा. सोलर असलेल्यांनी प्रश्न १६ आणि व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) असलेल्यांनी प्रश्न १७ वाचावा.

६. मंजूर मागणी कमी करून घेतली तर बिल कमी होईल ना?

होईल, पण आधी हंगाम बघा. डिमांड चार्ज, म्हणजे युनिटांव्यतिरिक्त मागणीवर लागणारा आकार, ज्या आकड्यावर लागतो ती बिलिंग डिमांड. उच्चदाबात तीन आकड्यांतला सर्वांत मोठा घेतला जातो : त्या महिन्याची नोंदलेली कमाल मागणी, मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वाधिक बिलिंग डिमांडचे ७५ टक्के, आणि मंजूर मागणीचा ठरावीक टक्का. हा शेवटचा टक्का दरआदेशागणिक बदलत आला आहे, म्हणून चालू दरपत्रकातूनच घ्या.

मधला आकडा फार जणांना माहीत नसतो. समजा एप्रिलमध्ये एके दुपारी सगळे कॉम्प्रेसर एकदम सुरू झाले आणि मागणी २३० केव्हीएला गेली. पुढे पावसाळ्यात तुम्ही ६० केव्हीएच वापरत असलात तरी बिल १७२ केव्हीएच्या आसपास लागेल, आणि हे पुढच्या मार्चपर्यंत चालेल. एका दुपारचा हिशेब अकरा महिने. म्हणून मंजूर मागणी कापण्याआधी ते शिखर कापा : यंत्रं पाच-दहा मिनिटांच्या अंतराने सुरू करा, दोन फर्नेसचे पूर्ण लोड एकाच वेळी येऊ देऊ नका.

मागणी फार खाली आणण्यातही धोका आहे. मंजूर मागणीच्या वर गेलात तर जादा केव्हीएला डिमांड चार्जच्या दीडपट दर लागतो. वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा असं झालं तर पुढची कारवाई होऊ शकते, आणि त्या महिन्याची लोड फॅक्टर सवलतही जाते (प्रश्न २०).

७. रात्रपाळीला स्वस्त वीज मिळते ना?

मिळत होती. कित्येक वर्षं रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सवलत होती आणि त्या हिशेबाने किती कारखान्यांनी रात्रपाळ्या बांधल्या. मग दिवसा सौरवीज मुबलक झाली आणि गणित उलटलं. केंद्राच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे १० किलोवॅटपेक्षा जास्त मागणी असलेल्या वाणिज्यिक आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून वेळेप्रमाणे दर लावायचे आहेत : सौर तासांत साध्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी, पीक तासांत किमान १.२० पट. महाराष्ट्रात आयोगाच्या २०२५ च्या आदेशांत सवलतीची वेळ दिवसा, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ अशी आली आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंतची वीज महाग झाली.

जुन्या सवयीने रात्री फर्नेस लावणारे कारखाने मला अजून भेटतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. चालू महिन्याच्या बिलावर झोननिहाय युनिटं आणि सवलत-अधिभार छापलेले असतात. ते एकदा बघून पाळ्यांचं वेळापत्रक पुन्हा मांडा. कामगारांशी बोलून मांडा. दिवसा काम आलं म्हणून बहुतेकांना बरंच वाटतं.

८. आमचं काम वेळ बदलून चालण्यासारखं नाही. मग टीओडीचा काय उपयोग?

सगळं काम हलवायचं नसतं. थांबून राहू शकणारं काम शोधायचं असतं. पाण्याची टाकी दिवसा भरून ठेवता येते. ड्रममधलं हळदीचं पॉलिशिंग संध्याकाळी ५ च्या आत उरकता येतं. बॅटरीवरचे फोर्कलिफ्ट दुपारी चार्ज होतात. लॉन्ड्री, पिठाची चक्की, स्क्रॅप कापणं, वाळूचं मिक्सिंग, ही सगळी सरकणारी कामं.

सगळ्यांत मोठी संधी कोल्ड स्टोअरेजला आहे. शेकडो टन बेदाणा म्हणजे थंडीची साठवलेली बॅटरीच. मालाला चालेल त्या मर्यादेत दुपारी खोली एखाद अंश जास्त थंड करा आणि ५ नंतर कॉम्प्रेसर शक्य तितके बंद ठेवा. दारं उघडी राहिली नाहीत आणि इन्सुलेशन धड असेल तर तापमान फार हळू चढतं. पहिले आठ दिवस रोज दर तासाला खोलीचं तापमान वहीत लिहा, मग किती वेळ थांबता येतं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

यंत्रमागावर मात्र हे कठीण आहे. माग थांबला की मजुरी थांबते. तिथे प्रश्न ११ आणि १३ जास्त कामाचे.

९. मीटरची तासनिहाय माहिती कशी मिळवायची?

तुमचं मीटर दर १५ किंवा ३० मिनिटांनी मागणी साठवतं. त्याला लोड सर्व्हे म्हणतात. उच्चदाब ग्राहकांना महावितरणच्या संकेतस्थळावरच्या ग्राहक खात्यात पुष्कळ माहिती दिसते, नसेल तर उपविभाग किंवा मंडल कार्यालयाकडे लेखी अर्ज देऊन मीटरचा डेटा मागा. नवं टीओडी मीटर बसलं असेल तर वापर मोबाईलच्या अॅपवरही बघता येतो.

डेटा आल्यावर रात्री २ ते ४ हा पट्टा आधी बघा. कारखाना बंद असताना जो वापर दिसतो तो बहुतेक निव्वळ वाया. मी आजवर एकाही ठिकाणी हा आकडा शून्य बघितलेला नाही.

१०. ऊर्जा परीक्षण कुणाकडून करून घ्यायचं? खर्च कोण देतं?

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची परीक्षा उत्तीर्ण झालेले प्रमाणित ऊर्जा परीक्षक असतात. महाऊर्जा ही ऊर्जा संवर्धन कायद्याखालची राज्याची नियुक्त संस्था, मुख्यालय पुण्यात. त्यांच्याकडे परीक्षण संस्थांची नोंदणीकृत यादी असते आणि छोट्या-मध्यम उद्योगांना परीक्षणाच्या खर्चाचा काही भाग देण्याची योजना ते चालवतात. मंजुरी आधी, काम नंतर हा क्रम पाळा. काम उरकून बिल पाठवणाऱ्यांची निराशा होते.

परीक्षक निवडताना एकच विचारा : तुम्ही स्वतः मीटर लावून मोजणार, की नेमप्लेट बघून अहवाल लिहिणार? नेमप्लेटवरचे अहवाल कपाटात जाऊन पडतात. आणि परीक्षण करणाराच एखाद्या कंपनीचा माल विकत असेल तर दुसरं मत घ्या.

११. हातात पैसे नाहीत. फुकटात काय करता येईल?

हवेच्या कॉम्प्रेसरपासून सुरू करा. हवेची गळती ऐकू येते, दिसत नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. ७ बारवर ३ मिलिमीटरच्या एका भोकातून जाणारी हवा भरून काढायला सुमारे ३ किलोवॅट वीज लागते. कॉम्प्रेसर चालू असेपर्यंत ती जातच राहते.

गळती मोजायला पैसे लागत नाहीत. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवा आणि फक्त कॉम्प्रेसर चालू करा. घड्याळ लावून तो किती सेकंद लोडवर असतो (हवा भरतो) आणि किती सेकंद अनलोडवर (नुसता फिरतो), ते दहा वेळा लिहा. कुपवाडच्या एका मशीन शॉपमध्ये आम्हाला ९० सेकंद लोड आणि १५० सेकंद अनलोड मिळाले. ९० भागिले २४०, म्हणजे साडेसदतीस टक्के हवा कुणीही न वापरता जात होती. मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन दोन मुलं लाईनवर फिरली. निपल, क्विक कपलर, जुने नळीचे क्लिप, एफआरएलचे (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर) बाऊल. संध्याकाळपर्यंत खडूने ३१ खुणा झाल्या. त्यांतल्या बहुतेक पाना आणि टेफ्लॉन टेपने बंद झाल्या.

दुसरं फुकटचं काम प्रेशर उतरवण्याचं. यंत्राला ५.५ बार पुरत असेल आणि कॉम्प्रेसर ७.५ वर असेल तर हळूहळू खाली आणा. प्रत्येक १ बारमागे ६ ते ७ टक्के वीज वाचते. हवेच्या बंदुकीने कपडे झाडणं बंद करा. ते जिवालाही धोक्याचं आहे.

१२. "वीज बचत यंत्र" बसवलं की ३० टक्के बिल कमी होतं म्हणतात. घ्यावं का?

घेऊ नका. अशा डब्यात बहुतेक वेळा एक छोटा कॅपॅसिटर असतो. केडब्ल्यूएचवर बिल असलेल्याला त्याचा उपयोग नगण्य, आणि केव्हीएएचवर असलेल्याला योग्य मापाचं एपीएफसी पॅनेल लागतं, प्लगमध्ये खोचायचा डबा नव्हे.

१३. मोटार जळली. रिवाइंड करू की नवीन घेऊ?

छोटी, क्वचित चालणारी मोटार असेल तर रिवाइंड करा. दिवसभर चालणारी असेल तर वहीवर हिशेब मांडा. १५ किलोवॅटची, म्हणजे २० एचपीची मोटार, दोन-तीन वेळा रिवाइंड झालेली, कार्यक्षमता ८८ टक्के. नवी आयई३ (जास्त कार्यक्षमतेच्या वर्गातली) मोटार घेतली तर साधारण ९२. पाऊण लोडवर वर्षाला ६,००० तास चालली तर फरक सुमारे ३,३०० युनिटांचा पडतो. युनिटमागे ८ रुपये धरले तरी वर्षाला २६ हजारांच्या वर, दरवर्षी. रिवाइंडिंग स्वस्त पडलं असं जे वाटतं ते पहिल्या महिन्यापुरतं.

नवी घेताना एक चूक हमखास होते : "थोडी मोठी घेऊया, टिकेल." निम्म्या लोडच्या खाली चालणाऱ्या मोटारीचा पॉवर फॅक्टर पडतो आणि मग प्रश्न ४ सुरू होतो. आधी क्लॅम्प मीटर लावून लोड बघा.

पंखे आणि ब्लोअरना डॅम्पर अर्धा बंद ठेवून चालवत असाल तर व्हीएफडीचा विचार करा. वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्म्यावर येते, कारण पंख्याची वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. यंत्रमागाच्या शेडमध्ये साधे ७५ वॅटचे पंखे बदलून ३० वॅटच्या आसपासचे बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटारीचे) पंखे लावले तर उन्हाळ्यातच फरक दिसतो.

१४. नवी यंत्रणा बसवायला कर्जात सवलत आहे का?

आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोने जुलै २०२५ मध्ये 'अदिती' नावाने ओळखली जाणारी १,००० कोटींची योजना सुरू केली. त्यात कर्जाच्या व्याजात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ५ टक्के, मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत आहे. फाउंड्री, अन्नप्रक्रिया, कापड, फोर्जिंग ही आपल्या भागातली क्षेत्रं त्या १४ क्षेत्रांत येतात, पण पहिल्या टप्प्यात ६० ठरावीक क्लस्टर आहेत. तुमचं क्लस्टर यादीत आहे का ते बघून मगच बँकेत जा. बँकेत ऊर्जा परीक्षणाचा अहवाल लागेल, म्हणून प्रश्न १० आधी.

१५. छतावर सोलर लावायचं आहे. महावितरणकडून काय लागतं?

नेट मीटरिंगचा ऑनलाइन अर्ज. केंद्राच्या नियमांप्रमाणे नेट मीटरिंग ५०० किलोवॅट किंवा मंजूर भार, यांतलं जे कमी असेल तिथपर्यंत. माझा आग्रह एवढाच की आधी गळत्या बंद करा, मग सोलरचं माप काढा. गळक्या लाईनला पुरेल इतकं सोलर बसवणं म्हणजे तळाला भोक असलेल्या घागरीसाठी मोठा पंप घेणं.

दिवसाची वीज टीओडीत स्वस्त झाल्यामुळे सोलरचा परतावा जुन्या कोटेशनपेक्षा लांबतो. विक्रेत्याला चालू दरपत्रकावर झोननिहाय हिशेब मागा. परदेशी ग्राहक हरित वीज मागत असेल आणि छत पुरत नसेल तर महावितरणचा हरित दरही आहे. आयोगाने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली तेव्हा तो युनिटमागे ६६ पैसे जादा होता.

१६. ताई, सोलर बसवल्यापासून पॉवर फॅक्टर कोसळला. इन्व्हर्टर खराब आहे का?

बहुधा नाही. तुमचा लोड १०० किलोवॅट आणि ५० केव्हीएआर धरा. सोलर नसताना पॉवर फॅक्टर ०.८९. आता दुपारी सोलरने ७० किलोवॅट दिले. महावितरणकडून येतात फक्त ३० किलोवॅट, पण केव्हीएआर पूर्वीइतकेच, ५०. मीटरला दिसतो पॉवर फॅक्टर ०.५१. मीटर खरंच बोलतंय, यंत्रंही बिघडलेली नाहीत. मुख्य वीज कमी झाली आणि चुंबकीय वीज तेवढीच राहिली.

उपाय दोन. एपीएफसी पॅनेलचा सीटी (करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) सोलरच्या जोडणीच्या मेन बाजूला, म्हणजे मीटर जे बघतं तेच बघेल अशा जागी आहे ना, हे तपासा. कित्येक ठिकाणी तो चुकीच्या बाजूला राहिलेला असतो. दुसरं, बऱ्याच इन्व्हर्टरना केव्हीएआर देण्याची सोय असते, ती सेटिंग चालू करून घ्या. हे काम सोलर बसवणाऱ्याकडून, पैसे चुकते करण्याआधी करून घ्यावं.

१७. व्हीएफडी लावल्यापासून कॅपॅसिटर फुगतात, फ्यूज उडतात. वीज दाबाचा दोष आहे का?

व्हीएफडी, इंडक्शन फर्नेस आणि यूपीएस लाईनवर हार्मोनिक्स, म्हणजे विजेच्या लहरीतली विकृती, सोडतात. साधा कॅपॅसिटर त्यांना वाट करून देतो आणि तापून फुगतो. कॅपॅसिटरच्या मालिकेत डीट्यून्ड रिअॅक्टर (हार्मोनिक्स अडवणारी कॉइल), साधारणपणे ७ टक्क्यांचा, लागतो. तोवर फुगलेले कॅपॅसिटर तसेच बदलत राहू नका. आधी हार्मोनिक्स मोजून घ्या; उच्चदाब ग्राहकांना त्याची मर्यादाही पाळावी लागते.

१८. फाउंड्रीत फर्नेसच सगळी वीज खाते. तिथे काय वाचणार?

चांगल्या चालणाऱ्या इंडक्शन फर्नेसला एक टन कास्ट आयर्न वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात. तुमचा आकडा ७५० असेल तर कारण बहुतेक वेळा यंत्रात नसतं, वाट बघण्यात असतं. मोल्ड तयार नाहीत म्हणून धातू धरून ठेवला जातो आणि झाकण कोपऱ्यात भिंतीला टेकवलेलं असतं. उघड्या धातूतून जाणारी उष्णता तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. १,४५० अंशांवर ती किती असेल हे जवळ उभ्या असलेल्या कामगाराचा चेहराच सांगतो. झाकण लावा, गंजलेलं आणि वाळू चिकटलेलं स्क्रॅप झाडून टाका, आणि मोल्डिंग-मेल्टिंगच्या माणसांना सकाळी एकत्र बसवून वेळ ठरवा.

१९. बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजला औद्योगिक दर लागतो का?

शेतमालाच्या प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोअरेजसाठी दरपत्रकात 'शेती-इतर' हा वेगळा गट आहे आणि प्रक्रिया केलेला शेतमालही त्यात धरला आहे. तुमच्या बिलावर दुसरा गट दिसत असेल तर कागदपत्रांसह अर्ज करा. हळद पावडर किंवा मसाल्याचं युनिट मात्र उद्योगातच मोडतं. एकाच आवारात दोन्ही असतील तर स्वतंत्र मीटर घ्या, नाहीतर वाद होतो.

बिलाबद्दल कोणतीही तक्रार आधी उपविभागात लेखी द्या. १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ वर फोन केलात तर तक्रार क्रमांक लिहून ठेवा. न सुटल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल. सांगली मंडल कोल्हापूर परिमंडलात येतं आणि सातारा मंडल बारामती परिमंडलात, त्यामुळे मंचही दोघांचे वेगळे.

२०. वीज वाचवली, आणि लोड फॅक्टरची सवलत गेली. मग वाचवून काय मिळवलं?

हा प्रश्न शिरवळ-साताऱ्याच्या मोठ्या कारखान्यांतून येतो आणि तो खरा आहे. उच्चदाब उद्योगाचा लोड फॅक्टर ७५ टक्क्यांच्या वर गेला की ऊर्जा आकारात सवलत मिळते : ८५ पर्यंत प्रत्येक टक्क्याला पाऊण टक्का, त्यापुढे प्रत्येक टक्क्याला एक टक्का, एकूण १५ टक्क्यांपर्यंत. लोड फॅक्टर काढताना महिन्याच्या युनिटांना मंजूर मागणीवर शक्य असलेल्या कमाल वापराने भागतात.

म्हणजे तुम्ही युनिटं १० टक्के वाचवली आणि मंजूर मागणी तीच ठेवली, तर ८० चा लोड फॅक्टर ७२ वर येतो आणि सवलत पूर्ण जाते. उपाय भागाकाराच्या खालच्या आकड्यात आहे. बचतीची कामं झाली की तीन महिने कमाल मागणी बघा. ती खरोखर खाली स्थिरावली तर त्याच प्रमाणात मंजूर मागणी कमी करून घ्या. मंजूर मागणी १,००० ची ९०० झाली की लोड फॅक्टर पुन्हा ८० वर येतो. फार घाई करून ८५० वर आणलीत आणि एखाद्या महिन्यात ८६० लागले, तर दीडपट आकारही लागेल आणि त्या महिन्याची सवलतही जाईल. म्हणून अर्जावर सही करण्याआधी मागच्या मे महिन्याचा लोड सर्व्हे काढून बघा.